दर शिफ्टला एक झुरका

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

मायना ‘चिरंजीव’ असा घालायचा आणि खाली सिगार कशी ओढावी ते सांगायचं, यातला विनोद माझ्याही लक्षात आला आहे. म्हणून कडू भाग आधीच उरकतो. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तेव्हा तिने काही होत नाही, असं तुला कुणी ना कुणी सांगेलच. ऐकू नकोस. सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतूनच रक्तात उतरतं, त्याला छातीपर्यंत जायची गरज पडत नाही. मोठ्या सिगारमध्ये कधी कधी सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असतो. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका या सगळ्यांच्या कर्करोगाशी तिचं नातं आहे. महागडी, हाताने वळलेली, सुंदर लाकडी पेटीतली असली तरी या बाबतीत सवलत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१९ पासून २१ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकता येत नाही. तू ती रेषा ओलांडली आहेस, म्हणूनच हे पत्र लिहितोय. न ओढायचं ठरवलंस तर मला आनंदच होईल. मग हे हॉकीचं, म्हणजे आपल्या बर्फावरच्या आइस हॉकीचं, पत्र म्हणून वाच, निम्मं तरी कामी येईल.

आणि तू स्वतः खेळतोस. बर्फावर उतरायच्या दिवशी सिगार नाही, आदल्या रात्रीही नाही. बर्फावरून बाहेर आल्यावर छातीचा भाता कसा चालतो ते मी तुला सांगायला नको.

आता तुझा प्रश्न. तू लिहितोस, ‘मॅच बघताना हातात एक चांगली सिगार असावी असं वाटतं, कोणती घेऊ?’ मी ‘कोणती’वर नाही, ‘बघताना’वर अडलो. हॉकी माणसाला खुर्चीच्या टोकावर आणून बसवते आणि सिगारला पाठ टेकून बसलेला माणूस लागतो. या दोघी एका वेळी एका माणसाकडे सुखाने नांदत नाहीत. एकीकडे लक्ष गेलं की दुसरी रुसते.

हे मला शहाणपणाने सुचलेलं नाही. एका प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीच्या, मॅचचा ओव्हरटाइम, बरोबरीनंतरचा जादा खेळ, चालू होता. तिथे पहिला गोल झाला की खेळ खलास, हे तुला माहीत आहे. माझी सिगार त्याआधीच्या धावपळीत विझली होती. फेस-ऑफने खेळ सुरू झाला, पक, म्हणजे खेळायची चकती, कोपऱ्यात गेला, मी म्हटलं आता दहा-पंधरा सेकंद तिथेच घासाघीस चालेल. खाली वाकलो, काडी ओढली, सिगारचं टोक ज्योतीवर धरलं. खोलीतले सगळे ओरडले. वर बघितलं तोवर खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडलेले होते. तो गोल मी नंतर वीसेक वेळा तरी पाहिला असेल. पण घडताना पाहिला नाही, तो नाहीच पाहिला. सिगारही पुन्हा पेटवलेली, घाईत भराभरा ओढलेली, त्यामुळे जिभेवर नुसता कोळसा. दोन्हीकडून गेलो.

त्याच्याही आधीची फजिती जास्त मोठी आहे, ती फक्त तुला सांगतो. माझी पहिली सिगार. जाड, काळी, दणकट दिसणारी निवडली, कारण हॉकीवाल्याला साजेल अशी हवी होती. रिकाम्या पोटी पेटवली आणि मॅचच्या तीन भागांपैकी दोन पिरियडमध्ये संपवायचीच या जिद्दीने ओढली. दुसरा पिरियड संपताना कपाळावर गार घाम, हात थरथरायला लागले, आणि तिसरा पिरियड मी न्हाणीघराच्या फरशीवर गाल टेकून नुसता ऐकला. याला निकोटिन चढणं म्हणतात. तुला असं झालं तर सिगार ठेवून दे, मोकळ्या हवेत बस, पाणी पी, थोडी साखर तोंडात टाक. आणि मुळात पोटभर जेवल्याशिवाय सिगारला हात लावू नकोस.

माझी चूक कुठे झाली ते समजायला सिगारच्या पोटात काय असतं ते समजावं लागतं. प्रीमियम म्हणजे महाग नव्हे. ज्या सिगारच्या पोटात तंबाखूचा चुरा नसून अख्खी लांब पानं असतात आणि जी माणसाच्या हातांनी वळलेली असते, ती प्रीमियम. आतल्या पानांना फिलर म्हणतात, ती बांधून ठेवणारं पान म्हणजे बाइंडर, आणि बाहेरचं देखणं पान म्हणजे रॅपर. तंबाखूच्या झाडाची पानं खालून वर टप्प्याटप्प्याने खुडतात. तळाची पानं, व्होलाडो, हलकी असतात आणि ती सिगार पेटती ठेवतात. मधली सेको सुगंध देतात. शेंड्याकडच्या पानांनी सगळ्यात जास्त ऊन खाल्लेलं असतं, ती जाड आणि तेलकट. त्यांना लिजेरो म्हणतात आणि जोर त्यांचा. लिजेरो हळू जळतं, म्हणून वळणारा ते नेमकं मधोमध घालतो. बाहेरून काळी दिसणारी सिगार कडकच असते असं मुळीच नाही. काळा रंग बहुतेकदा रॅपर जास्त आंबवल्यामुळे येतो आणि त्याने उलट गोडवा येऊ शकतो. जोर आत लपलेला असतो. मी कातडीचा रंग बघून भुललो. तू दुकानदाराला सरळ विचार की यात लिजेरो किती, आणि सौम्य काय आहे. कनेक्टिकट शेड नावाचं फिकट सोनेरी रॅपर कापडी मांडवाच्या सावलीत वाढवलेलं असतं. त्यात गुंडाळलेल्या सिगारी बहुधा नवख्याला मानवतात. निकाराग्वातल्या एस्तेलीच्या तंबाखूची मिरी-मसाल्यासारखी झणझण नंतर कधीतरी घे. ब्रँडांची नावं मी देत नाही. तुझी जीभ तुझी आहे, आणि नावं सांगितली की माणूस सिगारऐवजी नाव ओढायला लागतो.

आता मला सर्वात आवडणाऱ्या विषयाकडे येतो. दमटपणा. हसू नकोस, हॉकी आणि सिगार या दोन्हींचा खरा मालक तोच आहे.

सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते आणि १८ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान. त्याहून कोरडी झाली तर तेलं उडून जातात, रॅपर तडकतं, ती भसाभसा जळते आणि तोंड भाजते. जास्त ओली झाली तर ओढताना गाल आत जातात, मध्येच विझते, फुगून फाटते, बुरशी धरते. बर्फाचं याच्या नेमकं उलट. मैदानाचा पृष्ठभाग उणे पाच-सहा अंशांवर असतो आणि हॉलमधली हवा मुद्दाम कोरडी ठेवावी लागते. दमट, उबदार हवा बर्फावर आली की काय होतं ते २० मे १९७५ ला बफेलोच्या मेमोरियल ऑडिटोरियममध्ये दिसलं. उत्तर अमेरिकेतल्या हॉकीच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप, त्याची अंतिम मालिका, तिसरी मॅच, समोर फिलाडेल्फिया, बाहेर उकाडा आणि इमारतीत वातानुकूलन नाही. बर्फावरून एवढं धुकं उठलं की खेळ पुन्हा पुन्हा थांबवावा लागला. धुकं पांगवायला खेळाडूंनाच मैदानाला चकरा मारायला लावल्या. त्यातच एक वटवाघूळ हॉलमध्ये घुसलं आणि जिम लोरेंट्झने ते काठीने पाडलं. शेवटी ओव्हरटाइममध्ये रेने रोबेअरचा गोल गेला आणि बफेलोने ५–४ ने मॅच घेतली. त्या रात्रीच्या हवेत सिगार मात्र ठणठणीत राहिली असती.

म्हणजे हॉकीला जी हवा सोसते ती सिगारला मारते. याचा तुझ्यापुरता अर्थ असा की हॉकीचा हंगाम हाच सिगारचा सगळ्यात वाईट हंगाम. हिवाळ्यात बाहेरची गार हवा आधीच पाण्याला दरिद्री, ती घरात घेऊन तापवली की तिचा कोरडेपणा आणखी वाढतो. टेबलावर उघडी ठेवलेली सिगार अशा हवेत दोन-तीन दिवसांत कडकडीत होते. एकदा उघड्यावरच्या बर्फाच्या रिंकला जाताना मी कोटाच्या वरच्या खिशात एक चांगली कोरोना, म्हणजे मध्यम मापाची सिगार, ठेवली होती. मॅच संपल्यावर काढली तर रॅपरला डोक्यापासून पायापर्यंत भेग, वाळलेल्या शेंगेसारखी. शिवाय कडाक्याच्या थंडीत ओढताना तोंडातून बाहेर पडतो तो धूर किती आणि आपली वाफ किती हेच कळत नाही. माणूस गोंधळून जास्त ओढत राहतो. तेव्हा रिंकवर सिगार न्यायचीच नाही. घरी परत ये, अंगात ऊब येऊ दे, मग पेटी उघड.

पेटी म्हणजे ह्युमिडॉर. त्याला फार पैसे घालवू नकोस. आतून स्पॅनिश सीडर नावाचं लाकूड लावलेली पेटी देखणी खरीच, पण घट्ट झाकणाचा साधा प्लॅस्टिकचा डबा, आत दमटपणा राखणारी पुडी आणि एक छोटं आर्द्रतामापक, एवढ्यावर वर्षानुवर्षं काम भागतं. त्या पुड्या हवेला पाणी देतात आणि जास्त झालं तर परत शोषतात. मी ६५ टक्क्यांची वापरतो. दुकानात बरेचदा ७० ची पुढे करतात. पण माझ्या अनुभवात ती सिगार थोडी ओलसर ठेवते आणि मग सारखी विझते.

उष्णतेचंही भान ठेव. तंबाखूत एका बारीक किड्याची अंडी असू शकतात आणि पेटी बावीस-तेवीस अंशांच्या वर तापत राहिली की ती फुटतात. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली की समजायचं, पाहुणे आले. उपाय थंडीचाच. सिगारी पिशवीत घट्ट बांधून एक दिवस फ्रीजमध्ये, मग तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रीजमध्ये आणि मग पेटीत. घाई केली तर रॅपर तडकतं. गंमत म्हणजे मॅचच्या आधी पकसुद्धा गोठवून ठेवतात. तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची ती रबराची चकती गार नसली तर बर्फावर उड्या मारत जाते. गोठवली की सरळ घसरते. माझ्या फ्रीझरमध्ये एका हिवाळ्यात शेजारी शेजारी दोन्ही होते, आणि घरच्यांनी त्यावर जे भाष्य केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कापणं आणि पेटवणं थोडक्यात. डोक्याकडे, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाला, रॅपरची छोटी टोपी चिकटवलेली असते; टोपी जिथे संपते ती रेषा न ओलांडता वरचा जेमतेम काप घे. खोल कापलंस तर सगळी वेष्टनं सुटत येतील. पेटवताना ज्योत सिगारला चिकटवू नकोस, खाली धर आणि सिगार फिरवत टोक सगळीकडून सारखं लाल होऊ दे. काडी वापरलीस तर आधी गंधक जळून जाऊ दे. पेट्रोलच्या लायटरचा वास सिगारला लागतो, ब्युटेनचा चालतो. राख सारखी झटकू नकोस. संपली की चिरडू नकोस, ठेवून दे, आपली आपण विझते.

मापाचं मात्र सांगायला हवं, कारण तिथे मॅचचं घड्याळ आड येतं. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात, तिला रिंगगेज म्हणतात. रोबुस्टो म्हणजे साधारण पाच इंच लांब आणि ५० रिंगगेज, ती पाऊण ते एक तास चालते. चर्चिल सात इंच, ४७. तिला दीड तास द्यावा लागतो. पेटिट कोरोना पाच इंच, ४२; अर्ध्या-पाऊण तासाची. आता मॅच बघ. तीन पिरियड वीस-वीस मिनिटांचे, पण शिट्ट्या आणि जाहिराती धरून एकेक चाळीस मिनिटांच्या घरात जातो. मधली सुट्टी एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये, १८ मिनिटांची. तेवढ्यात झांबोनी ही गाडी बर्फ तासून त्यावर गरम पाण्याचा पातळ थर पसरून परत जाते, पण एकही चांगली सिगार तेवढ्यात संपत नाही. सुट्टीत बाहेर पळत जाऊन अर्धी ओढायची आणि उरलेली पुढच्या सुट्टीसाठी विझवून ठेवायची, हा सगळ्यात वाईट प्रकार. विझलेली सिगार अर्ध्या तासात आंबट आणि शिळी होते. नवख्याने पेटिट कोरोना घ्यावी. बारीक सिगारीत रॅपरची चवही जास्त कळते.

आणि ओव्हरटाइमवर हिशोब बांधू नकोस. २४ मार्च १९३६ ला मॉन्ट्रिअलच्या फोरममध्ये डेट्रॉइट आणि मॉन्ट्रिअल मरून्स यांची मॅच सुरू झाली, ती सहाव्या ओव्हरटाइममध्ये, ११६ मिनिटं ३० सेकंद जादा खेळून, रात्री दोन वाजून गेल्यावर मड ब्रुनेटोच्या एकुलत्या एक गोलवर संपली. शेवटचा आकडा १–० आणि प्रेक्षकांत कुणी चर्चिल घेऊन बसला असेल तर त्याला निदान तीन तरी लागल्या असतील.

त्या काळी प्रेक्षक खरोखर हॉलमध्येच ओढत. जुनी छायाचित्रं बघ: टोप्या, कोट, आणि वरच्या बाकांखाली धुराचा निळसर पडदा. त्याचं वर्णन करताना काही लोक हळवे होतात. मी होत नाही. त्या धुरात खाली खेळाडू धापा टाकत होते. आज एनएचएलच्या हॉलमध्ये धूम्रपान नाही हे बरं झालं.

मग मॅच आणि सिगार यांचं जमवायचं कसं? मी अनेक वर्षं घोळ घालून एक रीत बसवली आहे. सिगारचा नियम असा की मिनिटाला साधारण एक झुरका. त्याहून भराभर ओढलीस तर तंबाखू तापतो आणि कडवटतो, त्याहून सावकाश ओढलीस तर विझते. आता बर्फावरची एक शिफ्ट, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या खेळाडूंच्या एका फळीची पाळी, किती वेळ चालते? पंचेचाळीस सेकंद, फार तर मिनिट. म्हणजे खेळाडू बदलतात तेव्हा एक झुरका, मग हात खाली. पुढची फळी उतरेपर्यंत सिगारकडे बघायचं नाही. घड्याळ लागत नाही, बाकच तुझं घड्याळ. पॉवर प्ले आला, म्हणजे दोन मिनिटांच्या पेनल्टीने एका संघाचा खेळाडू बाहेर बसला, तर सिगार बापडी तशीच राहू दे; विझली तर विझली, टोकाची जुनी राख हलकेच काढून पुन्हा पेटवता येते. गोल झाला की मात्र झुरका घ्यायचा नाही. आनंदात आणि रागात माणूस ओढत नाही, चोखतो, आणि पुढची दहा मिनिटं सिगार तापलेलीच राहते.

या रीतीचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. झुरक्यासाठी फळ्यांच्या बदलाकडे लक्ष ठेवावं लागतं म्हणून मी पकवरून डोळे काढायला शिकलो. तू खेळतोस तरी टीव्हीवर बघताना तुझे डोळे पकमागेच धावतात, मी पाहिलं आहे. कोण दमून बाकाकडे वळला, कोण दहा सेकंद जास्त थांबला, प्रतिस्पर्ध्याने आपली दमदार फळी कुणाच्या समोर उतरवली, आइसिंग झाल्यावर, म्हणजे पक आपल्या बाजूने पार समोरच्या टोकाला फेकल्याची चूक झाल्यावर, कोणाला बदलता आलं नाही आणि पुढच्या फेस-ऑफला तेच थकलेले पाच जण कसे उभे आहेत. अर्धी मॅच तिथे ठरते. पक म्हणजे त्याचा निकाल फक्त.

पण ही रीत चालते ती काही मॅचनाच. ज्यात तुझा जीव अडकला आहे त्या मॅचला सिगार नको. नंतर ओढ, जिंकल्यावर किंवा हरल्यावर, आणि हरल्यावरची मला जास्त आवडते. तिला घाई नसते. जिंकलेल्या संघाच्या ड्रेसिंग रूममधली सिगार तू छायाचित्रांत पाहिली असशीलच. कुणाच्या तरी कानामागे, कुणाच्या दातांत, दाढी घामाने ओली, आणि मध्ये तो स्टॅनली कप. कॅनडाचा तेव्हाचा गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली याने तो १८९२ मध्ये दिला, तेव्हा ते एक साधंसं चांदीचं भांडं होतं. खाली पट्ट्या वाढत गेल्या. आता मोठ्या पाच पट्ट्या आहेत, एकेकीवर १३ विजेत्या संघांची नावं मावतात. खालची भरली की सर्वात वरची जुनी पट्टी काढून टोरोंटोच्या हॉल ऑफ फेममध्ये ठेवतात आणि तळाला नवी बसते. जिंकलेल्या खेळाडूला उन्हाळ्यात एक दिवस तो कप घरी न्यायला मिळतो.

पट्टीवरून आठवलं. सिगारलाही कागदी पट्टी असते आणि ती ठेवावी की काढावी यावर लोक वाद घालतात. तुला हवं ते कर, फक्त पेटवण्याआधी ओढून काढू नकोस. वळणाऱ्याचा गोंद कधी रॅपरला लागलेला असतो, पान फाटतं. पाव-अर्धी जळली की उबेने गोंद सैल होतो आणि पट्टी सहज निघते.

क्युबाचं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. पिनार देल रिओ भागातल्या व्हुएल्टा अबाहोची माती आणि हवा तंबाखूला अपूर्व मानवते, यात शंका नाही. अमेरिकेत मात्र १९६२ पासून क्युबन मालावर बंदी आहे. केनेडींनी तिच्यावर सही करण्याआधी आपल्यासाठी बाराशे पेटिट अपमन या क्युबन सिगारी गोळा करवल्या, हे त्यांचे प्रसिद्धी सचिव पियरे सॅलिंजर यांनी पुढे स्वतःच सांगितलं. प्रवाशांना सोबत आणायची जी मुभा मध्यंतरी मिळाली होती, तीही सप्टेंबर २०२० मध्ये गेली. कॅनडात त्या उघड विकत मिळतात. तेव्हा मॅच बघायला सीमेपलीकडे गेलास तर तिथेच ओढ आणि परत येताना खिसे रिकामे ठेव. आणि काचेच्या झाकणाची क्युबन पेटी कुणी स्वस्तात देऊ केली तर पाठ फिरव. तशी पेटी तिथले कारखाने काढतच नाहीत. मी एका हसतमुख माणसाकडून घेतली होती. आत काय भरलं होतं कोण जाणे, पण त्याच्या वासाने शेजारी विचारपूस करायला आले. खरं सांगायचं तर आज निकाराग्वा, होंडुरास आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये इतकं चांगलं काम होतं की क्युबावाचून अडायचं काही कारण नाही.

आता सिगारसाठी मॅच कोणती निवडावी ते. निकाल आधी माहीत असलेली, जुनी. ३१ डिसेंबर १९७५, मॉन्ट्रिअल फोरम, मॉन्ट्रिअल कॅनेडियन्स विरुद्ध सीएसकेए मॉस्को, म्हणजे सोव्हिएत लष्कराचा संघ. मॉन्ट्रिअलने ३८ फटके मारले, मॉस्कोने १३. आधी मॉन्ट्रिअल २–० पुढे, मग ३–१ आणि शेवटी ३–३. एकीकडे मॉस्कोचा गोलरक्षक व्लादिस्लाव ट्रेत्याक, ज्याच्यावर मारा थांबतच नाही. दुसरीकडे मॉन्ट्रिअलचा केन ड्रायडन, ज्याच्याकडे बराच वेळ कुणी फिरकत नाही, आणि फिरकलं की घात. तुला गोलमध्ये उभं राहायला आवडतं, म्हणून सांगतो, त्या रात्री जास्त कठीण काम कुणाचं होतं याचा विचार कर. मी कित्येक वर्षं ट्रेत्याक म्हणत होतो. आता मला ड्रायडन वाटतो. काठीवर हात टेकून उभं राहायचं, थंड पडायचं नाही, आणि पाच-सात मिनिटांनी मॉस्कोचा खार्लामोव समोर आला की तयार असायचं. यावर तुझं मत वेगळं असेल तर कळव. तू तिथे उभा राहतोस, मी खुर्चीत बसतो.

सोबत दोन पेटिट कोरोना पाठवतोय, पिशवीत पुडीसकट. प्रवासाने त्या थकलेल्या असतात, त्यामुळे पोचल्याबरोबर पेटवू नकोस. डब्यात घालून दोन आठवडे विसरून जा. माझं तिकडे यायचं साधारण तेव्हाच ठरतंय. तोवर ती मॅच शोधून ठेव, पण बघू नकोस. आकडा वर लिहून टाकलाय तो मुद्दाम. तुझी मॅच त्या आठवड्यात असेल तर आधी ती होऊ दे, माझी सिगार एकटीच पेटेल.

तुझा,
खुर्चीतला